सिन्नरचे यादव आणि घारापुरीचे बेट

गोंदेश्वराच्या ओट्यावर खेळत मोठ्या झालेल्या आपल्या गावच्या पोरांनी समुद्र पाहिला तो बहुधा शाळेच्या सहलीतच. समुद्र म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे गेट वे आणि राणीची बाग. सिन्नर म्हणजे कमी पावसाचा तालुका, विडी कारखाने आणि पुढे माळेगावची एमआयडीसी. या दोहोंचा इतिहासात काही संबंध असेल असे वर्गात बसून कधी वाटले नाही. तो संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

यंदाच्या स्नेहमेळाव्याआधी आमच्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीतले तेवीस जण आणि आमचे इतिहासाचे सर असे मिळून घारापुरीला एक दिवसाची सहल करून आलो. समितीने माझ्याकडे सहलीचा वृत्तांत मागितला. कोणी किती भजी खाल्ली हे फोटोंत दिसतेच आहे, त्यामुळे ते सोडून देतो आणि बेटावर ज्या गोष्टीवरून दिवसभर वाद चालला होता तीच इथे मांडतो. सरांनी हे वाचून चुका काढाव्यात, लाल शाईने काढल्या तरी चालेल.

पहाटे अडीचला निघालो. गोंदे इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गाला लागलो आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कधी कोकणात उतरलो ते कळलेही नाही. जून २०२५ मध्ये हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटातली ती नागमोडी वळणे आणि पोटात कालवणे या दोन्ही गोष्टी इतिहासजमा झाल्या. सर म्हणाले, घाट संपला की सह्याद्री किती मोठा आहे हेच मुलांना कळणार नाही. त्यात तथ्य आहे. आपल्या भागाचा जुना इतिहास घाट उतरून बंदरावर जाणाऱ्या वाटेचाच इतिहास आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे ठाणे आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या दोन्ही ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या असे तो त्यात नोंदवतो. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचेही सांगतो. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी घाटावरचे लेणे आणि किनाऱ्यावरचे बंदर एकाच दगडावर एकत्र लिहिलेले आहे.

गेट वेहून लाँचने घारापुरी साधारण तासाभराची वाट. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोटीला भीषण अपघात झाला होता, त्याची आठवण सगळ्यांच्या मनात होती. त्यामुळे लाइफ जॅकेट घालताना नेहमीची थट्टामस्करी झाली नाही. आमच्या वर्गातली एक मैत्रीण उरणला दिलेली आहे. बेट उरण तालुक्यात येते, तेव्हा त्या दिवशी यजमानपण तिच्याकडे होते आणि तिने ते पुरेपूर गाजवले.

वादाचा पहिला मुद्दा ‘पुरी’ या शब्दाचा. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळेच्या शिलालेखात (इ.स. ६३४) कोकणातल्या मौर्यांचा पराभव सांगितला आहे. त्या वेळी पश्चिम समुद्राची लक्ष्मी शोभावी अशा पुरी नावाच्या नगरीवर शेकडो जहाजांनी चढाई झाली, आणि ती जहाजे मदमस्त हत्तींसारखी दिसत होती, असे कवी रविकीर्ती म्हणतो. पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांतही पुरी ही प्रमुख नगरी आणि तिच्या भोवतीची चौदाशे गावे असा कोकणचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ही पुरी कोणती? काहींनी घारापुरी म्हटले, काहींनी मुरूड-जंजिऱ्याजवळची राजपुरी, आणखी काहींनी वेगळी ठिकाणे सुचवली. घारापुरीविरुद्धचा आक्षेप साधा आहे. एवढ्याशा बेटावर राजधानी मावेल कशी? लाँचमधून बेट समोर दिसू लागले तेव्हा आमच्यातल्या एका इंजिनिअरने नजरेनेच मोजमाप करून निकाल दिला, “सिन्नरची बाजारपेठसुद्धा इथे बसायची नाही.” उरणकर मैत्रिणीचे म्हणणे असे, की राजधानी म्हणजे बाजारपेठ नव्हे. ज्याच्या हाती हे बेट त्याच्या हाती खाडीतली सगळी ये-जा. माझा कल तिच्याकडे आहे, पण मोठ्या अभ्यासकांपैकी अनेकांचा राजपुरीकडे आहे, हेही सांगितले पाहिजे.

बेटाचे महत्त्व पुरीच्या वादावर अवलंबून नाही. मोराबंदरच्या बाजूच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे शैव लेण्यांच्या आधीही इथे लोक ये-जा करत होते. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते. ते कोणी खोदवले? आज बहुतेक अभ्यासक कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळाकडे बोट दाखवतात, कारण त्याची नाणी बेटावर सापडली, आणि कलचुरी राजे पाशुपत शैव होते. आता आपल्या बाजूचे पाहा. त्र्यंबकजवळ अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट सापडले आहेत, इ.स. ७१० च्या सुमाराचे. हा भोगशक्ती ज्या घराण्यातला, त्याची सत्ता पुरी-कोकणवर होती. आणि त्या ताम्रपटांत पैशाचा हिशोब ‘कृष्णराज रूपक’ या नाण्यांत दिला आहे. राजा जाऊन दीडशे वर्षे झाली तरी त्याच्या नावाचे नाणे नाशिककडे चालत होते. ज्या राजाच्या चलनातून घारापुरीच्या पाथरवटांची मजुरी दिली गेली असावी, तेच चलन अंजनेरीच्या व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात होते! सरांनी ही गोष्ट पायऱ्या चढताना सांगितली आणि दम लागलेला असूनही आम्ही थांबून ऐकली. पायऱ्या एकशे वीसच्या आसपास आहेत. खुर्चीची डोली मिळते. सरांना तिच्यात बसा म्हणून आम्ही तीनदा विनवले. ऐंशी ओलांडलेल्या सरांनी तिन्ही वेळा आमच्याकडे जसे पाहिले तसे ते गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहायचे.

लेणे कोणी खोदवले याचे उत्तर नक्की सांगणारा दगड एकेकाळी जागेवर होता. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हे बेटही गेले. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो लिहितो, की लेण्याच्या दारावरचा एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला. तिथे तो कोणालाही वाचता आला नाही आणि पुढे हरवला. मला विचाराल तर मूर्तींच्या मोडलेल्या हातापायांपेक्षा हा दगड जाणे ही मोठी हानी आहे. मूर्ती मोडली तरी अर्धी उरते आणि तिच्यावरून उरलेली कल्पना करता येते. लेख गेला की नावच जाते. मग चौदाशे वर्षांनंतर आपण नाणी मोजत बसतो.

हे दुःख सिन्नरकरांना नवे नाही. गोंदेश्वर कोणी बांधले? लहानपणापासून आपण ऐकले ते असे, की राव गोविंद नावाच्या यादव राजपुत्राने दोन लाख रुपये खर्चून बांधले. त्या काळी रुपया होता का, हा प्रश्न विचारणाऱ्याला आजीकडून धपाटा मिळायचा. मंदिराचा काळ कोणी अकरावे शतक सांगतात, कोणी बारावे. आणि आपण सगळे सर्रास त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गोंदेश्वर उभे राहिले तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. ‘हेमाडपंती’ हे आपल्याकडे काळ्या दगडाच्या कोणत्याही जुन्या देवळाचे आडनाव झाले आहे, एवढेच.

या हेमाद्रीकडे पुन्हा यायचे आहे. त्याआधी लेण्यात जाऊ.

आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत तिथे उभे राहावे, घाई करू नये. मग खांब दिसू लागतात, उजव्या हाताला चार दारांचा गाभारा आणि प्रत्येक दाराशी दोन धिप्पाड द्वारपाल दिसतात, आणि समोर, दक्षिणेच्या भिंतीतून, अठरा-वीस फूट उंचीचे ते तीन चेहरे. यांना त्रिमूर्ती म्हणण्याची आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. हा सदाशिव आहे, तिन्ही चेहरे शिवाचेच. मधला शांत तत्पुरुष. एका बाजूला मिशीवाला, भुवई चढलेला अघोर, त्याच्या हाती साप. दुसऱ्या बाजूला हाती कमळ घेतलेला वामदेव, चेहरा जवळजवळ स्त्रीचा, म्हणून काही जण त्याला उमाच म्हणतात. एका मैत्रिणीने अघोराकडे पाहून आमच्या पीटीच्या सरांचे नाव घेतले आणि ऐन लेण्यात हसण्याचा स्फोट झाला. पीटीच्या सरांनी हे मनावर घेऊ नये, साम्य खरेच आहे.

भोवतीच्या भिंतींवर शिवाच्या कथा आहेत. कैलास हलवणारा रावण, सारीपाट खेळताना रुसलेली पार्वती, गंगेला जटेत घेणारा गंगाधर, अर्धनारीश्वर, अंधकाचा वध करणारा उग्र शिव, तुटलेल्या हातांचा नटराज. यांतले एक शिल्प मला सर्वांत आवडले ते कल्याणसुंदराचे, म्हणजे शिवपार्वतीच्या लग्नाचे. मान खाली घातलेली नवरी शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. लग्न लागेपर्यंत वधू उजवीकडे असते, नंतर डावीकडे येते. म्हणजे कारागिराने तो नेमका क्षण धरला आहे जेव्हा लग्न अजून लागायचे आहे. हे सरांनी दाखवले नसते तर आम्ही तेवीसच्या तेवीस जण समोरून निघून गेलो असतो.

गोंदेश्वर आणि हे लेणे दोन्ही त्याच काळ्या बसाल्टचे. गोंदेश्वराच्या कारागिराने दगड घडवून एकावर एक चढवला, मधल्या मोठ्या शिवमंदिराभोवती पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळे मांडून पंचायतन उभे केले. घारापुरीच्या कारागिराने डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकला आणि हवे ते ठेवले. बांधताना चुकलेला दगड बदलता येतो. इथे छिन्नी एकदा जास्त खोल गेली की मूर्तीचे नाक गेलेच. आमच्यातला एक जण आयुष्यभर बांधकामाचा ठेकेदार राहिला आहे, तो बराच वेळ खांबांच्या रांगेकडे पाहत उभा होता आणि म्हणाला, “यांचा सुपरवायझर कोण होता ते शोधा रे.”

दुपारी जेवताना यादवांचा विषय निघाला, आणि इथून सिन्नर सरळ समुद्रात उतरते.

यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार, त्याची राजधानी चंद्रादित्यपूर म्हणजे आपले चांदवड. त्याचा मुलगा सेऊणचंद्र. नवव्या शतकात त्याने स्वतःच्या नावाने वसवलेले सेऊणपूर म्हणजे सिन्नर, असे इतिहासकार मानतात. देवगिरी फार पुढची, पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी केलेली. त्याआधीची मोठी कारकीर्द आपल्या भागातली. त्या काळात घाटाखालचे शिलाहार हे आपल्या यादवांचे शेजारीच नव्हे, सोयरेही होते. संगमनेरला सापडलेल्या शके ९२२ (इ.स. १०००) च्या ताम्रपटातला जो भिल्लम राजा, त्याची राणी लच्छियव्वा ही झंझ राजाची मुलगी, आणि हा झंझ म्हणजे ठाण्याचा शिलाहार राजा असावा, असे जुन्या संशोधकांनी मांडले आहे. शिलाहार झंझाचा उल्लेख अरब प्रवासी मसूदीने इ.स. ९१६ च्या सुमारास केला आहे, त्यामुळे काळाचा मेळ घालताना थोडी ओढाताण होते. पण सोयरीक सोडून दिली तरी एक पुरावा दगडात उभा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांनी इ.स. १०६० मध्ये पुरे केले. त्याचे शिखर आणि आपल्या गोंदेश्वराचे शिखर एकाच भूमिज शैलीतले. छोट्या शिखरांच्या चढत्या रांगा, मधून खाली उतरणारे नक्षीचे पट्टे. अंबरनाथला गेलेला सिन्नरकर क्षणभर थबकतोच. घाटाच्या दोन्ही बाजूंना एकाच परंपरेतले पाथरवट काम करत होते, हे समजायला ताम्रपट लागत नाही.

आणि तरीही लढाई झाली. यादव राजा महादेव (१२६१ ते १२७०) याने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर स्वारी केली. जमिनीवर यादवांच्या हत्तीदळापुढे सोमेश्वर हरला आणि जहाजांवर गेला. तिथेही त्याचा पाठलाग झाला आणि सुमारे १२६५ मध्ये तो समुद्रात बुडाला. उत्तर कोकणचे शिलाहार राज्य तिथेच संपले. ही हकीकत सांगणारा हेमाद्री. महादेवाच्या क्रोधाला तोंड देण्यापेक्षा सोमेश्वराने समुद्रातला वडवानल पत्करला, अशा थाटात त्याने लिहिले आहे. जिंकलेल्या राजाच्या पदरी असलेल्या माणसाची ही लेखणी आहे, हे विसरून चालणार नाही. बुडणाऱ्याला काय वाटले ते त्यात नाही.

आमच्यातल्या दोघातिघांना एकदम स्फुरण चढले. “म्हणजे हे सगळे आपणच जिंकले होते!” उरणकर मैत्रीण शांतपणे भाकरी मोडत होती. ती म्हणाली, “तुमच्या गावात वाढले मी, आणि आता ह्या गावची आहे. आमच्या राजाची मुलगी घेतलीत आणि शेवटी आमचाच राजा बुडवलात. मी कोणाच्या बाजूने टाळी वाजवू?” कोणी बोलले नाही. मग सर बोलले. ते म्हणाले, तीस वर्षे वर्गात यादवांचा धडा शिकवला, पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आणि घाटावरच्या राजाने समुद्रात पाठलाग केला तो कोणाच्या जोरावर, हेही त्यांनी आम्हालाच विचारले. हत्ती सिन्नरकडून नेता येतो, गलबत नेता येत नाही. वल्ही मारायला किनाऱ्याचेच हात लागले असणार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या जहाजांवर कोळी-भंडाऱ्यांचीच माणसे एकमेकांसमोर आली असतील. १२६५ नंतर अवघ्या एकतीस वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीच्या दाराशी आला. यादवांनी घेतलेले कोकण त्यांच्या हाती फार काळ राहिले नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर हा किनारा मराठ्यांकडे आला. इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा घारापुरीही गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर तिचे नाव इंग्रजांच्या वाट्याला लिहिले गेले. पुढे बेट मुंबईच्या साहेब लोकांचे सहलीचे ठिकाण झाले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड आला तेव्हा तर मुख्य लेण्यातच मेजवानी झाली. सदाशिवासमोर काटेचमच्यांचा आवाज कसा घुमला असेल, याची कल्पना करून पाहा.

ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो राजबंदरच्या बाजूला उभा होता. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान कोसळली. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडले. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, म्हणजे राणीच्या बागेच्या अंगणातच आहे. मित्रांनो, आपली नववीची सहल आठवा. जिवंत हत्ती पाहायला आपण ज्या रस्त्याने धावलो, त्याच्या बाजूलाच हा उभा होता. सर म्हणाले, तेव्हा तुम्हा नव्वद पोरांना मोजण्यात माझा सगळा वेळ गेला, दगडी हत्ती कुठून दाखवू?

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. जगाने १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारसा ठरवले, पण समुद्राखालून केबल टाकून गावांत कायमची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडले. तोपर्यंत मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना इथली मुले संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरच्या उजेडात अभ्यास करत होती. पायऱ्यांवर काकड्या-कैऱ्या विकणाऱ्या मावशींनी हे सांगितले तेव्हा आपल्याकडच्या भारनियमनाबद्दल कोणी तक्रार केली नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. सोमवारी लेणी बंद असतात. आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका, आमच्या चिवड्याचे काय झाले ते फोटो क्रमांक सातमध्ये आहे.

परतीच्या वाटेवर सरांच्या आग्रहावरून आम्ही बोरिवलीजवळ एक्सरला गेलो. गाडी थोडी वाकडी करावी लागली आणि घरी पोचायला मध्यरात्र उलटली, पण सहलीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच होता. तिथे वस्तीत, रस्त्याच्या कडेला, उंच वीरगळ उभे आहेत. काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरली आहेत, त्यांत दाटीने माणसे, खाली लढाई आणि वर मेलेल्या वीरांना घेऊन जाणाऱ्या अप्सरा. काही अभ्यासक ही महादेव आणि सोमेश्वर यांची लढाई मानतात, काहींच्या मते हे दगड तिच्याहून जुने आहेत. कोणत्या बाजूचे वीर, हे दगडावरून ओळखता येत नाही. शेंदूर लावलेल्या दगडासमोर उरणकर मैत्रिणीने फुले ठेवली, सरांनी चपला काढल्या. आम्ही प्रत्येक वीरगळाचे फोटो घेतले. ते मोठे करून, काचेत बसवून, गोंदेश्वराच्या फोटोशेजारी शाळेच्या इतिहासाच्या वर्गात लावायला आमच्या तुकडीतर्फे मेळाव्याच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या हाती देत आहोत. खाली कोणाचे नाव लिहायचे याबद्दल आमचे अजून एकमत झालेले नाही. तूर्त ‘एक्सर, बोरिवली’ एवढेच लिहिले आहे.